मोन्तेपुल्चानोची चर्च, वाडे आणि तळघरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तस्कनीच्या दक्षिणेला दोन खोऱ्यांच्या मधून डोंगराची एक अरुंद सोंड गेली आहे. तिच्या पाठीवर मोन्तेपुल्चानो वसलं आहे. पश्चिमेला व्हाल दोर्चा, पूर्वेला व्हाल दी क्याना. जिल्हा सिएना. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०५ मीटरवर आहे आणि मुख्य चौक नेमका तिथेच आहे. निम्म्या प्रश्नांचं मूळ या चढात आहे, बाकीच्यांचं दुपारी बंद होणाऱ्या दारांत.

गावाचं नाव नेमकं कसं म्हणायचं?

मोन्-ते-पुल्-चा-नो. स्पेलिंगमध्ये ‘आय’ दिसतो, पण तो फक्त ‘च’चा उच्चार दाखवण्यापुरता असतो, म्हणून ‘चियानो’ नाही. लॅटिन नाव मोन्स पोलितिआनुस. त्यामुळे इथल्या माणसाला ‘पोलित्सियानो’ म्हणतात. पंधराव्या शतकातला कवी आंजेलो आम्ब्रोजिनी (१४५४–१४९४) इथलाच. त्याला जग ‘पोलित्सियानो’ याच नावाने ओळखतं, म्हणजे गावाचंच नाव त्याला चिकटलं. त्याचं जन्मघर चढावरच्या रस्त्यात लागतं, रस्त्यालाही त्याचंच नाव आहे.

हे तर वाइनचं गाव. चर्च आणि वाडे पाहायला वेगळा वेळ काढण्याइतके आहेत का?

आहेत, आणि वाइनच्या आधी पाहावेत असे आहेत. सिएना आणि फ्लॉरेन्स यांच्या भांडणात हे गाव दोनदा बाजू बदलून अखेर १५११ मध्ये फ्लॉरेन्सकडे आलं. सिएनाच्या उंबरठ्यावर आपला माणूस बसवायचा म्हणून फ्लॉरेन्सने इथे आपले वास्तुकार पाठवले. फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याचा लाडका वास्तुकार मिकेलोत्सो त्याआधीच, पंधराव्या शतकात, इथे काम करून गेला होता. सोळाव्या शतकात थोरला अंतोनियो दा सांगाल्लो आला. १५६१ मध्ये गावाला स्वतःचा बिशप मिळाला, मग कॅथेड्रलही हवंच झालं. एवढ्याशा गावात पहिल्या फळीचं एवढं काम का, याचं उत्तर या राजकारणात आहे. द्राक्षाचा पैसा होताच, पण नुसत्या द्राक्षावर मिकेलोत्सो येत नाही.

किती वेळ लागतो? आणि कुठून सुरुवात करायची?

पूर्ण दिवस द्या. अर्ध्या दिवसात कोर्सो म्हणजे मुख्य रस्ता, वरचा चौक आणि एक तळघर एवढंच उरकतं आणि तटाबाहेरचं सान ब्याजो हे चर्च राहून जातं. तसं करण्यापेक्षा तळघर सोडलेलं बरं.

क्रम असा ठेवा. सकाळी पोर्ता अल प्रातो या खालच्या वेशीतून आत शिरा आणि कोर्सो चढत पियात्सा ग्रान्दे या वरच्या चौकात पोहोचा. न थांबता हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांचं आहे, पाहत गेलात तर दीड-दोन तास. दुओमो, म्हणजे कॅथेड्रल, दुपारच्या बंदआधी गाठा. चर्च बंद असतात तेव्हा जेवण आणि तळघर उरका. दुपारी उशिरा पोर्ता देइ ग्रास्सी या वेशीतून सान ब्याजोकडे उतरा. उतरायला सुमारे वीस मिनिटं लागतात, परत चढायला त्याहून बरीच जास्त.

स्वतःची गाडी असेल तर उलटा क्रम सोयीचा. सान ब्याजोजवळच गाडी लावून ते आधी पाहायचं, मग गाडी खालच्या वेशीपाशी आणायची. तो चढ वाचतो.

ट्रेनने कसं पोहोचायचं?

इथे एक हमखास घोटाळा होतो. तिकिटाच्या ॲपवर ‘मोन्तेपुल्चानो’ टाकलं की याच नावाचं स्टेशन दिसतं. ते सिएना–क्यूसी या छोट्या मार्गावर, खाली खोऱ्यात आहे, गावापासून साधारण दहा किलोमीटरवर. तिथे गाड्या मोजक्या थांबतात, आणि वर जाणारी बस गाडीची वाट पाहत उभी असेलच असं नाही.

त्यापेक्षा क्यूसी–क्यान्चानो तेर्मे हे स्टेशन धरा. ते रोम–फ्लॉरेन्स मुख्य मार्गावर आहे, तिथे रीजनल आणि इंटरसिटी गाड्या थांबतात. स्टेशनाबाहेरूनच मोन्तेपुल्चानोची बस सुटते आणि क्यान्चानोमार्गे पाऊण-एक तासात पोहोचवते. बसचं तिकीट आधी तंबाखूच्या दुकानात घ्या. गडद पाटीवर पांढरं ‘टी’ अक्षर ही त्या दुकानाची खूण. कागदी तिकीट बसमध्ये चढल्यावर मशीनमध्ये घालून शिक्का उमटवून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट आणि तिकीट नसणं, तपासनिसाच्या लेखी सारखंच.

रविवारी आणि सणाच्या दिवशी बस फारच थोड्या असतात. वेळापत्रकात फेरीसमोर ‘फेरियाले’ लिहिलेलं असेल तर ती फक्त कामाच्या दिवशी धावते, ‘फेस्तीवो’ म्हणजे सुट्टीच्या दिवशी. ‘फेरियाले’ हा शब्द सुट्टीचा वाटतो आणि नेमका तिथेच लोक फसतात. परतीची बस पाहूनच जायची बस ठरवा.

भाड्याची गाडी थेट चौकापर्यंत नेता येते का?

नाही. तटाच्या आतला भाग झेड-टी-एल आहे, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच परवानगी असलेलं क्षेत्र. वेशीवर लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि कॅमेरा असतो. पाटीखालच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर ‘वार्को आत्तीवो’ दिसलं तर कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. ‘नोन आत्तीवो’ म्हणजे कॅमेरा बंद. ‘आत्तीवो’ वाचून ‘रस्ता चालू आहे’ असं समजणारे पुष्कळ, आणि ही समजूत महाग पडते. दंड काही महिन्यांनी येतो. तो येण्याआधीच भाड्याच्या गाडीची कंपनी, तुमचं नाव पोलिसांना कळवल्याची फी म्हणून, कार्डावरून वेगळे पैसे कापते. आत जाऊन बाहेर येताना दुसरा कॅमेरा लागला तर दुसरा दंड.

तटाच्या आत हॉटेल असेल तर पोहोचण्याआधी गाडीचा नंबर हॉटेलला कळवा आणि तो नोंदवल्याचं उत्तर लेखी मागून घ्या.

गाडी तटाबाहेरच्या पी-१, पी-२ अशा क्रमांकाच्या तळांवर लावायची. पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या म्हणजे रहिवासी किंवा अपंगांसाठी. निळ्या जागेत मशीनमधून निघालेली चिठ्ठी काचेच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी ठेवा. भारतीय परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून घ्या.

आईवडील बरोबर आहेत. चढ कितपत आहे?

खरा चढ आहे. पायऱ्यांचा नाही, फरसबंद रस्त्याचा, पण सलग. बस स्टँड गावाच्या पायथ्याशी आहे, तिथून लिफ्टने वरच्या बागेपर्यंत आणि मग पोर्ता अल प्रातोपर्यंत येता येतं. खालून वरच्या चौकाकडे छोट्या बस जातात. त्या धरा आणि कोर्सो चालत उतरा. गुडघे दुखत असतील तर मात्र उतारच जास्त त्रास देतो, हे ध्यानात घेऊन ठरवा. पाऊस पडला की दगड गुळगुळीत होतो. चामड्याच्या तळव्याचे बूट आणि गुळगुळीत चपला नकोत, रबरी तळवा हवा.

सान ब्याजोला त्यांना टॅक्सीनेच न्या. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून मिळत नाही, हॉटेल किंवा कॅफेतून फोन करायला सांगावं लागतं.

सान ब्याजोचं एवढं कौतुक का? बाहेरून पाहिलं तर पुरेल का?

बाहेरून पाहून परतणारे बरेच असतात, आणि ते चुकतात. सावकाश पाहावी अशी गावातली एकच वास्तू निवडायची असेल तर ती ही.

तटाबाहेर पश्चिमेच्या उतारावर ती एकटी उभी आहे. इथे पूर्वी एक जुनं पडकं चर्च होतं आणि त्याच्या भिंतीवर मरिया व बाळ येशूचं चित्र होतं. एप्रिल १५१८ मध्ये चित्रातल्या मरियेचे डोळे हलले अशी बातमी पसरली. भाविकांची रीघ लागली, दान जमलं आणि त्याच वर्षी थोरल्या सांगाल्लोच्या आराखड्याप्रमाणे काम सुरू झालं. १५२९ मध्ये पोप सातवे क्लेमेंट यांनी चर्चचं अभिमंत्रण केलं. तेही मेदिचीच. सांगाल्लो १५३४ मध्ये वारला, घुमट त्याच्या माघारी पुरा झाला. ते जुनं चित्र आजही आत मुख्य वेदीवर आहे, सगळी इमारत त्याच्याभोवती उभी आहे.

आराखडा ग्रीक क्रूसाचा, म्हणजे चारही भुजा सारख्या लांबीच्या आणि मधोमध घुमट. आपल्याला सवयीच्या चर्चमध्ये लांब सभामंडप असतो आणि नजर सरळ वेदीकडे जाते. इथे ती वर जाते. घुमटाच्या बरोबर खाली उभे राहा आणि जागेवरच सावकाश फिरा. चारही बाजूंना तीच कमान, तेच खांब, तेच अंतर. सोनेरी मुलाम्याची आणि चित्रांची गर्दी नाही, त्यामुळे मापं स्वतःच दिसू लागतात. तिथेच एखादा शब्द हलक्या आवाजात बोलून पाहा. नाद रेंगाळतो. कोणी प्रार्थनेला बसलं असेल तर हा प्रयोग करू नका.

बाहेर आल्यावर घंटाघरं पाहा. दर्शनी भुजेच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन मनोरे उभारायचे होते. एक पूर्ण झाला, दुसरा तळमजल्यावरच थांबला. पूर्ण मनोऱ्यावर नजर खालून वर न्या. तळाला दोरिक खांब, त्यावर आयोनिक, त्यावर कोरिंथियन. आधी साधं, मग गुंडाळीचं, मग पानांचं. शाळेत चित्रकलेच्या वहीत काढलेले तीन प्रकार इथे एकावर एक रचलेले मिळतात.

दगड ट्रॅव्हर्टिन आहे, चुन्याच्या पाण्याचे थर साचून बनलेला. भिंतीजवळ गेलात की त्यात भोकं दिसतात. दगड झिजलेला नाही, ती भोकं जन्मापासूनची. कमी उंचीच्या उन्हात हा दगड मधासारखा दिसतो, म्हणून दुपारी उशिरा जायचं. समोरची विहीर आणि दुमजली ओवरीचं पाद्र्यांचं घर हाही त्याच परिसराचा भाग आहे.

आत जायला तिकीट लागतं. लग्नांसाठी हे चर्च फार लोकप्रिय आहे, उन्हाळ्यात शनिवारी दार बंद मिळण्याची शक्यता मोठी.

सेंट पीटर्स बांधणारा सांगाल्लो तो हाच का?

नाही. इथला तो ‘इल वेक्यो’, म्हणजे थोरला. रोममध्ये सेंट पीटर्सवर काम केलेला ‘इल जोव्हाने’, धाकटा, त्याचा भाचा. थोरल्याचा भाऊ जुलियानो याने प्रातो या शहरात ग्रीक क्रूसाचंच एक चर्च आधी बांधलं होतं, सान ब्याजोची कल्पना तिथून पुढे आलेली दिसते.

वरच्या चौकातलं कॅथेड्रल अर्धवट का दिसतं? दुरुस्ती चालू आहे का?

दुरुस्ती नाही, ते तसंच आहे. दुओमो ओर्व्हिएतोच्या इप्पोलितो स्काल्त्साने आखला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून १६८० पर्यंत बांधला गेला. दर्शनी भिंतीवर घडीव दगड चढवायचा राहून गेला तो राहूनच गेला. आडव्या रांगांमधले खाचखळगे दिसतात ते त्या आवरणाला पकड मिळावी म्हणून ठेवलेले. शेजारचा बुटका मनोरा आधीच्या चर्चचा आहे, तोही अपुराच. फोटोत हे सगळं ओबडधोबड येतं आणि लोक दारावरूनच परततात. आत जा.

मुख्य वेदीवर ताद्देओ दी बार्तोलोचं १४०१ सालचं भव्य तीनपाखी चित्र आहे, मरियेच्या स्वर्गारोहणाचं. मधल्या चित्रात खाली, रिकाम्या कबरीभोवती, प्रेषित जमले आहेत. सगळे आपापल्या आश्चर्यात, एकाची नजर मात्र थेट आपल्याकडे. तो संत ताद्देउस, आणि चेहरा चित्रकाराने स्वतःचा दिला आहे असं मानतात. नावाला नाव जुळवून घेतलं. सहाशे वर्षांपूर्वीच्या सोनेरी गर्दीत तो चेहरा शोधायला दोन मिनिटं लागतात, जवळ छोटी दुर्बीण असेल तर ती इथे काढा.

बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या दालनात आंद्रेआ देल्ला रोब्बियाची चकाकत्या मातीकामाची वेदी आहे. घाईत ती हमखास सुटते.

दुओमोतली ‘तुकड्यांची समाधी’ म्हणजे काय?

बार्तोलोमेओ आरागात्सी हा पोप पाचव्या मार्टिनचा चिटणीस, गावचाच. त्याने मिकेलोत्सोला स्वतःची समाधी सांगितली. १४३८ च्या सुमारास ती पुरी झाली. पुढे जुनं चर्च पाडून आजचं बांधताना समाधी सुटी केली गेली, आणि पुन्हा जोडली गेलीच नाही. आता तिचे भाग चर्चभर विखुरलेले आहेत. आडवी निजलेली मूर्ती मुख्य दाराच्या आतल्या बाजूला. दोन कोरीव फलक सभामंडपाच्या पहिल्या दोन खांबांवर. हार धरलेल्या गुबगुबीत मुलांची पट्टी मुख्य वेदीच्या तळाशी, तिथेच बाजूला उभे पुतळे. दोन देवदूत तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पोहोचले.

मुलं बरोबर असतील तर त्यांना हे तुकडे शोधायला लावा. कंटाळ्याची तक्रार येत नाही, आणि मोठ्यांचंही पाहणं सावकाश होतं.

कोर्सो चढताना कुठे थांबायचं?

वेशीतून आत येताच खांबावर सिंह दिसतो, तो मार्झोक्को, फ्लॉरेन्सचं चिन्ह. १५११ मध्ये सिएनाची लांडगी उतरवून तो चढवला. वरचा सिंह नक्कल आहे, मूळ गावच्या संग्रहालयात.

थोडं पुढे पालात्सो बुचेल्ली, म्हणजे बुचेल्लींचा वाडा. इथे वर पाहू नका, खाली पाहा. भिंतीच्या पायथ्यात रोमनांआधीच्या एट्रुस्कन लोकांच्या रक्षापात्रांचे कोरीव फलक आणि लॅटिन शिलालेखांचे दगड बसवले आहेत. अठराव्या शतकात पिएत्रो बुचेल्ली या घरमालकाने जमवलेला संग्रह त्याने भिंतीतच मांडला. दोन हजार वर्षांहून जुन्या कलशांच्या दगडाला लोक स्कूटर टेकवून जातात.

मग सांतागोस्तीनो. दर्शनी भाग मिकेलोत्सोचा. खाली नव्या रेनेसाँसची शिस्त आणि वर गॉथिक टोकदार कोनाडे, म्हणजे बदलत्या काळातला माणूस एकाच भिंतीवर दोन भाषा बोलतो. दारावर मरिया, संत योहान आणि संत ऑगस्टीन यांचं मातीकाम. आत मुख्य वेदीवरची लाकडी क्रूसमूर्ती शिल्पकार दोनातेल्लोची मानली जाते.

समोरच्या मनोऱ्यावर तास वाजवणारा पुल्चिनेल्ला आहे, पांढऱ्या कपड्यांतला नेपल्सच्या लोकनाट्यातला विदूषक. कोणा नेपल्सच्या पाद्र्याने गावाला दिला अशी दंतकथा आहे. तास भरायच्या दोन मिनिटं आधी जागा धरा.

पुढे पालात्सो चेर्विनी. आराखडा सांगाल्लोचा, काम अपुरं. मालक मार्चेल्लो चेर्विनी १५५५ मध्ये पोप दुसरे मार्सेलस झाले आणि २२ दिवसांत वारले. संगीतकार पालेस्त्रीनाची प्रसिद्ध मिस्सा, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठी रचलेलं संगीत, त्यांच्याच नावाची.

शेवटी जेझू चर्च. बाहेरून काहीच नाही, आत भरगच्च सजावटीची बरोक शैली. दार उघडं असेल तर पाच मिनिटं डोकावा, बंद असेल तर हळहळू नका.

पियात्सा ग्रान्देतल्या मनोऱ्यावर चढता येतं का?

येतं. पालात्सो कोमुनाले, म्हणजे नगरपालिकेची इमारत. दर्शनी भाग १४४० चा, मिकेलोत्सोचाच. फ्लॉरेन्सचा पालात्सो वेक्यो पाहिला असेल तर ओळखीचं वाटेल. साम्य हेतुपुरस्सर आहे, मालक कोण ते कळावं म्हणून. तिकीट दोन प्रकारचं असतं, गच्चीपर्यंत किंवा मनोऱ्याच्या टोकापर्यंत. वरचा टप्पा अरुंद आहे, पाठीवरची मोठी सॅक अडते. हवा स्वच्छ असेल तर एकीकडे आमियाता डोंगर आणि दुसरीकडे त्राझिमेनो सरोवर दिसतं. उंचीची भीती असेल तर गच्चीही पुरते.

चौकातली विहीर १५२० ची, वर दोन सिंह, दोन ग्रिफिन (गरुडमुखी सिंह) आणि मधे मेदिचींचं चिन्ह.

या गावाचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो विहिरीमागेच उभा आहे. पालात्सो नोबिली-तारूजी या नावातलं नोबिली म्हणजे रोबेर्तो दे नोबिली (१५७७–१६५६) या जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातल्या, धर्मप्रसारकाचं घराणं. १६०५ मध्ये तो गोव्यात उतरला, तिथून मदुराईला गेला. संन्याशाची वस्त्रं घातली, मांसाहार सोडला, तमिळ, संस्कृत आणि तेलुगू शिकला. नवख्रिस्तींनी शेंडी, जानवं, गंध ठेवावं की नाही यावर मोठा वाद पेटला. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ते ठेवायला परवानगी दिली.

याच गावचा कार्डिनल रोबेर्तो बेल्लार्मीनो (जन्म १५४२) हाही जेझुइट, पोप मार्सेलसचा भाचा. फेब्रुवारी १६१६ मध्ये गॅलिलिओला ‘पृथ्वी फिरते हे मत सोडा’ अशी समज त्यानेच दिली. त्याच १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला त्याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण छापून निघालं. एकाच संघाचे लोक एकाच वर्षी रोममध्ये आकाश थांबवत होते आणि सासष्टीत ओव्या रचत होते.

चर्चमध्ये जाताना काय पाळायचं?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी किंवा पातळ उपरणं ठेवा, काम भागतं. टोपी काढायची, फ्लॅश बंद. मिस्सा चालू असेल तर फिरायचं नाही, एक तर मागे बसायचं किंवा नंतर यायचं.

लहान चर्च दुपारी साडेबारा-एकला बंद होतात आणि तीनच्या पुढे उघडतात, हिवाळ्यात संध्याकाळी लवकर मिटतात. दारावरची चिठ्ठी हेच खरं वेळापत्रक, नेटवरच्या वेळेपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा. चित्रांजवळ बहुधा नाण्याची पेटी असते: नाणं टाकलं की दिवा मिनिट-दोन मिनिटं लागतो. पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी साठवून ठेवा, नोट तिथे निरुपयोगी. नाणं टाकण्याआधी कॅमेरा तयार ठेवा. दिवा लागल्यावर लेन्सचं झाकण शोधत बसलात तर तोवर तो विझतो.

‘विनो नोबिले’ आणि ‘मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो’ एकच का?

अजिबात नाही. दुसऱ्या नावातलं मोन्तेपुल्चानो ही द्राक्षाची जात आहे, आणि ती वाइन अब्रुत्सो प्रांतातली. या गावची वाइन विनो नोबिले. तिच्यात किमान ७० टक्के सांजोवेसे द्राक्ष लागतं, इथे त्याला प्रुन्योलो जेंतीले म्हणतात. किमान दोन वर्षं मुरवलेली असावी लागते, ‘रिझेर्वा’ असेल तर तीन. १९८० मध्ये डी-ओ-सी-जी हा सर्वोच्च दर्जा मिळालेल्या इटलीतल्या पहिल्या काही वाइन्समध्ये ती आहे. ‘रोस्सो दी मोन्तेपुल्चानो’ तिची धाकटी बहीण, कमी मुरवलेली, स्वस्त, जेवणासोबत बरी.

तळघरं पाहायला पैसे पडतात का? न पिणाऱ्याने जावं का?

जावं, कारण ती वास्तू म्हणूनच पाहण्यासारखी आहेत. गावाखालचा डोंगर तळघरांनी पोखरलेला आहे, वर वाडा आणि खाली पिंपं. बाहेर ऊन कितीही तापलं तरी आत गारवा आणि दमटपणा स्थिर राहतो. वाइन तिथे मुरते ती यामुळेच. चौकातल्या पालात्सो कोन्तुच्चीखालचं जुनं तळघर आणि पालात्सो रिच्चीखालचं, लांब जिना उतरत जाणारं, उंच कमानींचं तळघर ही दोन सोयीची. नुसतं पाहायला बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत, चाखायला घेतात. चाखून घोट थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरणं असभ्य नाही. स्वेटर घ्या, घामेजल्या अंगाने उतरलात तर थंडी भरते.

गाडी चालवणार असाल तर रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. परवाना तीन वर्षांच्या आतला असेल तर शून्य.

किती बाटल्या भारतात आणता येतात?

एका प्रौढ प्रवाशाला दोन लिटर शुल्काविना. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन होतात आणि वरच्या पाव लिटरचा हिशेब कस्टमला द्यावा लागतो. बाटल्या चेक-इन सामानात, प्रत्येक वेगळ्या पिशवीत आणि कपड्यांच्या मधोमध.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळेल, विचारून घेतलं तर. पीची हा हाताने वळलेला जाड शेवयांसारखा पास्ता, बहुधा फक्त पीठ आणि पाण्याचा. ‘आल्योने’सोबत मागवा: खोऱ्यातला मोठ्या पाकळ्यांचा सौम्य लसूण आणि टोमॅटो. ‘रागू’ म्हणजे मांस. ‘क्यानीना’ दिसलं तर ते खोऱ्यातल्या पांढऱ्या गाईबैलांचं मांस. भाजी-पावाच्या रिबोल्लीता सुपात कधी हाडाचा रस्सा असतो. ‘चे कार्ने ओ ब्रोदो दी कार्ने?’, म्हणजे ‘यात मांस किंवा मांसाचा रस्सा आहे का?’, एवढं विचारा. चीज जमवायला बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, पिएन्त्साचं पेकोरीनोही त्यातच. काटेकोर असाल तर चीज नको सांगा. बिलात माणशी ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, लागतो, ती फसवणूक नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

मे, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर. जानेवारी-फेब्रुवारीत निम्मं गाव बंद असतं, ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी. ऑगस्टला एकच सबळ कारण आहे, शेवटच्या रविवारचं ब्रावियो देल्ले बोत्ती. आठ मोहल्ल्यांच्या जोड्या सुमारे ८० किलोचं रिकामं पिंप मार्झोक्कोपासून वरच्या चौकापर्यंत चढावर ढकलत नेतात. पूर्वी घोडे धावत, पिंपं १९७४ पासून. त्या दिवशी वाडे-चर्च पाहायचा नाद सोडा. कोर्सो दोन्ही बाजूंनी भरलेला असतो आणि शर्यतीच्या वेळी रस्ता ओलांडू देत नाहीत. जागा चौकात नको, कोर्सोच्या एखाद्या वळणाच्या आतल्या अंगाला धरा. तिथे पिंप भिंतीकडे घसरतं आणि दोघेही त्याला खांद्याने वळवत असतात.

शेवटची बस चुकली तर?

क्यूसी स्टेशनपर्यंत टॅक्सी करावी लागते, आणि ती रात्री ऐनवेळी मिळत नाही. संध्याकाळी सान ब्याजोला जाणार असाल तर दुपारच्या जेवणाच्या वेळीच त्या उपाहारगृहातून फोन करून ठरवून ठेवा. वेळ आणि जागा कागदावर लिहून घ्या. जागा ‘पियात्सा ग्रान्दे’ नको, ‘सान ब्याजो’ सांगा. मग तो चढ पुन्हा चढायला नको.